कोल्हापूर-तिरुपती विमान: नेटवर ४९ मिनिटं, आईच्या घड्याळात साडेसात तास

आधीच सांगून टाकतो, खुर्ची किती मऊ होती आणि चहा कसा होता असला हा रिव्ह्यू नाही. आमच्या घरात महिनाभर एकाच गोष्टीवर भांडण चाललेलं, की कोल्हापूर ते तिरुपती विमानानं नक्की किती वेळ लागतो, आणि त्याचं उत्तर प्रत्येकाकडं वेगळं. आता जाऊन आलोय, वेळा लिहून आणल्यात (म्हणजे आईनं आणल्यात, ते पुढं येईल), तेव्हा म्हटलं एकदाचं लिहूनच टाकूया, म्हातारी माणसं घेऊन जाणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

पार्श्वभूमी अशी. आईचं वय ७१, बाबा ७६. आमच्याकडं बालाजी म्हणजे हरिप्रिया एक्सप्रेस, दुसरा विषयच नाही. कोल्हापूरातून निघायचं, मिरज, बेळगाव, हुबळी, गदग, होस्पेट, बळ्ळारी, गुंतकल, कडप्पा असं करत करत दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुपती. रुळावरून ९०० किलोमीटरच्या आसपास आणि वीस-एकवीस तास. गाडीचं नावसुद्धा बघा किती विचार करून ठेवलंय, हरीची प्रिया म्हणजे लक्ष्मी, एका टोकाला बालाजी आणि दुसऱ्या टोकाला आपली अंबाबाई. (अंबाबाई म्हणायचं का महालक्ष्मी म्हणायचं ह्यात मी पडत नाही, कोल्हापूरात राहायचंय मला.) नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला मानाचा शालू येतो, त्यामुळं हे नातं आमच्याकडं घरचंच आहे. पण बाबांच्या गुडघ्यांचं आता असं झालंय की चालत्या गाडीत वरचेवर बाथरूमला जायचं म्हणजे दोन माणसं धरायला लागतात. म्हणून विमान.

इथं दाजींची एंट्री. दाजी म्हणजे आमच्या ताईचे मिस्टर, नेटवरची प्रत्येक गोष्ट ह्यांना माहीत. मोबाईल काढला आणि म्हणाले, "अरे ६५७ किलोमीटर हाय फक्त, ४९ मिनिटं! रंकाळ्यावर भेळ खाऊन येईपर्यंत तिरुपती." दुसऱ्या साईटवर बघितलं तर तिथं एक तास एकोणीस मिनिटं. आणि तिकीट काढायला गेलो तर तिकिटावर जवळजवळ पावणेदोन तास. आता तुम्हीच सांगा, तीन ठिकाणी तीन वेळा, विमान एकच.

तर मी बसलो हिशोब करत, आणि हा हिशोब कुणीतरी नीट सांगायला पाहिजे म्हणून सांगतो. ६५७ किलोमीटर हा आकडा बरोबर आहे, त्यात खोट नाही, उजळाईवाडीचा विमानतळ आणि तिरुपतीचा रेणिगुंट्याचा विमानतळ ह्या दोन ठिकाणांमधली पृथ्वीच्या गोलाईवरची ती सगळ्यात जवळची रेघ आहे. पण त्या साईटी काय करतात, जगातलं कुठलंही अंतर घेतात आणि डोळे झाकून ताशी ८०० नं भागतात. ६५७ भागिले ८०० म्हणजे ४९ मिनिटं, झालं. दुसरी जी साईट होती तिनं त्यात चढण्या-उतरण्याचा म्हणून सरसकट अर्धा तास मिळवला, की झाले एक तास एकोणीस. आता ८०० चा वेग हा मोठ्या जेट विमानांचा. आम्ही गेलो ते एटीआर ७२, म्हणजे पंख्याचं विमान, दोन बाजूंना दोन मोठे पंखे गरगर फिरणारे. त्याचा वेगच मुळात ताशी ५०० च्या आसपास. म्हणजे नुसतं हवेतच सव्वा तासाच्या वर जाणार, त्यात चढायला उतरायला हळू, वळसे वेगळे. आणि तिकिटावरचा वेळ तर त्याहून वेगळी चीज आहे, ते विमान जागेवरून हललं तिथपासून तिकडं जाऊन थांबलं तिथपर्यंतचं मोजतात, धावपट्टीकडं रांगत जाणं, वाट बघणं सगळं धरून, वर कंपनी थोडी मोकळीक ठेवते ती वेगळीच. सांगायचं म्हणजे नेटवर अंतर बघा, वेळ बघू नका. वेळ तिकिटावर बघा आणि त्याच्यावरपण आपला हिशोब करा.

आता आईचा हिशोब. आईनं जाताना एक छोटी वही घेतली, तिच्यात नाहीतर दुधाचा हिशोब असतो, आणि घराचं कुलूप लावलं तेव्हापासून वेळ लिहायला सुरुवात केली. ती वही समोर ठेवूनच हे टाईप करतोय.

मंगळवार पेठेतून निघालो ९.१५. उजळाईवाडी आमच्यापासून दहा किलोमीटर धरा, हायवे लागेपर्यंत ट्राफिक, ९.५० ला विमानतळावर. नवीन टर्मिनल बघून मात्र खरंच बरं वाटलं. मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झालं ह्याचं, दगडी कमानी वगैरे, आपल्या जुन्या राजवाड्याची आठवण यावी असं केलंय. बाबांना ह्या विमानतळाचं भारी कौतुक, राजाराम महाराजांच्या काळात १९३९ ला सुरू झालेला विमानतळ हा, आणि मधली कितीतरी वर्षं इथं प्रवासी विमानच नव्हतं, गवत वाढलेलं असायचं म्हणे. धावपट्टीपण आधी १३७० मीटरच होती, आता वाढवून १९०० च्या वर नेलीय. बाबा हे सगळं सिक्युरिटीच्या रांगेत मागच्या माणसाला सांगत होते. तो बिचारा बेंगळुरूला चाललेला.

सिक्युरिटीत आमचा नारळ गेला. आईनं अंबाबाईच्या ओटीतला नारळ बालाजीला द्यायचा म्हणून पर्समध्ये ठेवलेला, तो मशीनमध्ये दिसला. तिथली पोरगी खूप नम्रपणे म्हणाली, काकू हा आत नेता येणार नाही. आई म्हणाली अगं देवाचा आहे. पोरगी म्हणाली काकू नियमपण वरूनच आलेत. सुकं खोबरं तर विमानात चालतच नाही, त्यात तेल असतं, पेट घेतं म्हणून, हे मला माहीत होतं पण अख्ख्या नारळाचं डोक्यातच आलं नाही. त्यामुळं देवाचं जे काही नारळ-खोबरं असेल ते घरीच ठेवा, तिकडं वर पावलोपावली मिळतं. धपाटे आणि भडंग मात्र आरामात गेलं. सिक्युरिटीतून पलीकडं आल्यावर खायला फार काही नाही, कॉफी आणि पफ, आणि पफची किंमत बघून बाबांनी डबाच उघडला. आजूबाजूच्या दोन फॅमिलींनीपण मग आपापले डबे उघडले, पाच मिनिटांत तिथं हरिप्रियाचा डबा झाला.

विमान ११.५० चं होतं. उडालं १२.३५ ला. पाऊण तास लेट, कारण तेच विमान दुसरीकडून येणार होतं आणि तेच उशिरा आलं. छोट्या विमानतळावर हे धरूनच चालायला लागतं, इथं जादाचं विमान उभं करून ठेवलेलं नसतं, सकाळपासून एकच विमान चार गावं फिरत असतं, पहिल्या गावात उशीर झाला की शेवटच्या गावापर्यंत तो ढकलत जातो. आपल्या एसटीचंच गणित. वेळेवर सांगत मात्र होते, दोनदा अनाउन्समेंट झाली, त्यामुळं तक्रार म्हणून नाही लिहीत.

चढताना मोठी सोय कळली जी मला कुणी सांगितली नव्हती. एटीआरचं दार मागच्या बाजूला असतं आणि विमानच बुटकं, त्यामुळं दारालाच लागून पाच-सहा पायऱ्या, बस्स. मुंबईला मोठ्या विमानाचा तो उंच जिना चढताना बाबांचं काय झालं होतं ते मी विसरलेलो नाही. इथं टर्मिनलमधून चालत गेलो, हात धरला, चढले. आणि दार मागं असल्यामुळं मागच्या सीटा घ्या, चढायला उतरायला पहिल्या. पुढं घेतल्या तर अख्खं विमान रिकामं होईपर्यंत बसून राहा. शिवाय पंखा मधोमध पुढच्या अंगाला, तिथं घरघर जास्त, मागं कमी. सीटा दोन-दोन, मधली सीट नाहीच, म्हणजे म्हातारा-म्हातारी जोडीनं बसतात, भांडण नाही. वरचा कप्पा मात्र लहान, मोठी ट्रॉली बॅग तिथं जाणार नाही, ती सरळ लगेजला देऊन मोकळे व्हा.

आता उड्डाण. जेटमधून जाणाऱ्यांना हे पटणार नाही पण पंख्याच्या विमानाची मजाच वेगळी, ते फार उंच जात नाही आणि पंख वर असतात, त्यामुळं खिडकीतून खाली सगळं उघडं दिसतं. जाताना उजवी बाजू घ्या. आधी पंचगंगा आणि उसाचे चौकोन, मग घटप्रभेचं हिडकलचं पाणी, मग हिरवा रंग हळूहळू कमी कमी होत तांबडा तपकिरी होत जातो, आणि साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांनी उजव्या हाताला एवढं मोठं पाणी दिसतं की बाबा म्हणाले समुद्र आला की काय. तुंगभद्रेचं धरण, होस्पेटचं. रेल्वेनं हेच होस्पेट रात्रीच्या अंधारात जातं आणि आपण वरच्या बर्थवर घोरत असतो. पंचवीस वर्षं ह्या मार्गानं जातोय, तुंगभद्रा पहिल्यांदा बघितली. पुढं बळ्ळारीकडचे उघडेबोडके डोंगर, मग कडप्पा, आणि शेवटी शेषाचलमच्या रांगा, हिरव्यागार, रक्तचंदनाचं जंगल ते हेच. आईनं खिडकीतूनच हात जोडले, कुठल्या डोंगरावर देऊळ आहे ते मला काही कळलं नाही पण तिला कळलं असं ती म्हणाली.

चाकं टेकली २.०० ला. म्हणजे हवेत एक तास पंचवीस मिनिटं. ६५७ किलोमीटर ८५ मिनिटांत, ताशी ४६० च्या थोडं वर पडतं सरासरी. दाजींना तिथूनच मेसेज टाकला, त्यांनी अंगठा पाठवला फक्त.

रेणिगुंट्याचं टर्मिनलपण देखणं आहे, गरुडा टर्मिनल म्हणतात, २०१५ चं, उतरल्यावरच देवळाच्या दारात आल्यासारखं वाटतं. बॅगा घेऊन बाहेर २.२५. आणि इथून पुढं खरी गंमत. कारण लोकांना वाटतं तिरुपती आलं म्हणजे बालाजी आला. विमानतळ ते तिरुपती शहर पंधराएक किलोमीटर, तिथून अलिपिरी, आणि मग घाट चढून तिरुमला. विमानतळाच्या बाहेर जो टॅक्सीवाला मिळाला त्यानं आधी एक रेट सांगितला, गाडीत बसल्यावर दुसरा, अलिपिरीला पोचल्यावर घाटाचे वेगळे म्हणून तिसरा. आमची हिंदी, त्याची तेलुगू, मधे बायकोचं कन्नड (माहेर निपाणीचं), शेवटी कन्नडमध्ये मिटलं. गाडी ठरवताना "वर तिरुमलाला, खोलीपर्यंत, सगळं धरून" हे शब्द आधीच वदवून घ्या. एकटे-दुकटे असाल तर तिरुपतीतून वर आंध्रच्या एसटी सारख्या सुटतात, स्वस्त आणि उत्तम.

अलिपिरीच्या चेकनाक्यावर सगळ्यांनी उतरायचं, बॅगा मशीनमधून, गाडीची तपासणी. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या वर नेऊ देत नाहीत, स्टीलची बाटली घरनंच न्या. आणि घाटात आमच्या ड्रायव्हरनं जी गोष्ट सांगितली ती ऐकून मी हसत सुटलो. म्हणाला, वर चढायला २८ मिनिटं लागलीच पाहिजेत आणि उतरायला ४०, नाक्यावर वेळ नोंदवतात, त्याच्या आधी पोचलास तर दंड. लोकांनी घाटात गाड्या पळवू नयेत म्हणून. म्हणजे बघा, दाजी ४९ मिनिटांचं ३० कसं करता येईल ह्याच्या मागं लागलेले आणि बालाजीच्या दारात लवकर आलास म्हणून दंड. चढायचा आणि उतरायचा रस्ता वेगळा आहे, जुना घाट १९४४ चा, तो आता उतरायला, आणि १९७४ चा नवा चढायला, त्यामुळं समोरून गाडी येत नाही. बाबा शांत झोपले. बायकोला अलिपिरीवरून पायऱ्यांनी यायचं होतं, ३५५० पायऱ्या, मी म्हटलं बाई आज नको.

खोलीची किल्ली हातात पडली ४.४० ला. आईनं वहीत लिहिलं आणि खाली बेरीज मांडली. ९.१५ ते ४.४०, सात तास पंचवीस मिनिटं. त्यातलं हवेत एक तास पंचवीस. म्हणजे विमानानं जाऊनसुद्धा सहा तास आपण जमिनीवरच असतो, कुठं रांगेत, कुठं बाकड्यावर, कुठं टॅक्सीत. आई म्हणाली, "विमान उडतं कमी आणि बसवून ठेवतं जास्त." तरीपण एकवीस तास आणि वर घाट ह्याच्यापुढं सात तास पंचवीस म्हणजे स्वर्गच आहे, आणि मुख्य म्हणजे त्याच संध्याकाळी बाबा आपल्या पायानं देवळाच्या आवारात फेरी मारून आले. रेल्वेनं गेलो की पहिला अख्खा दिवस ते पडून असायचे.

दर्शनाचं थोडक्यात, कारण त्याच्यावर लाखभर लोकांनी लिहिलंय. तीनशे रुपयांचं दर्शन तिकीट ऑनलाइन महिनोन्‌महिने आधी सुटतं आणि बघता बघता संपतं, त्यामुळं आधी दर्शनाचं तिकीट काढा, मग विमानाचं. उलटं कराल तर बसाल बोंबलत. पुरुषांना धोतर किंवा लेंगा, बाबांनी आपलं कोल्हापुरी धोतर नेसलं आणि रांगेत तेच सगळ्यात टापटीप दिसत होते.

तिकीट काढताना एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा. मी ज्या बुकिंग ॲपवर बघत होतो (नाव घेत नाही) त्यानं मला सगळ्यात वर स्वस्त म्हणून जे दाखवलं ते हैदराबादमार्गे होतं, आणि "कोल्हापूर ते तिरुपती" एवढंच ठळक, हैदराबाद खाली बारीक अक्षरात. मी जवळजवळ पैसे भरलेच होते. नकाशा बघा म्हणजे कळेल, कोल्हापूर-हैदराबाद साधारण ४४५ किलोमीटर, तिथून तिरुपती ४१५ च्या वर, बेरीज ८६० च्या घरात, म्हणजे सरळ रेघेपेक्षा दोनशे किलोमीटर जास्त, त्यात मधे साडेपाच तास विमानतळावर लटकायचं. तरुण पोरं असतील तर ठीक, म्हातारी माणसं घेऊन नको. थेट विमान आठवड्यातल्या कुठल्या दिवशी आहे ते बघून मगच तारीख ठरवा, कारण छोट्या विमानतळांची वेळापत्रकं सीझनप्रमाणं बदलतात, आम्हाला मिळालं म्हणून तुम्हाला त्याच वारी मिळेल असं नाही. दुसरा एक मार्ग बेंगळुरूपर्यंत विमान आणि पुढं गाडी असा लोक सांगतात, पण बेंगळुरूहून तिरुपती रस्त्यानं अडीचशे किलोमीटर आहे, वर त्या शहरातून बाहेर पडायचं, तो हिशोब दाजींनाच करू दे.

पैशांचं म्हणाल तर आम्हाला जातानाचं माणशी साडेतीन हजारांच्या आसपास पडलं, येताना थोडं जास्त, कारण परतीचा रविवार. हरिप्रियाच्या थर्ड एसीशी तुलना केली तर अर्थातच महाग. पण बाबांच्या गुडघ्यांचा भाव त्यात धरला तर स्वस्त.

येताना विमान वेळेवर सुटलं, हवेत एक तास वीस मिनिटं, आणि तिकिटावरच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी कोल्हापूरात. कंपनीनं ठेवलेली ती मोकळीक इथं कामाला आली. लाडवांचा बॉक्स हातातच ठेवला, कुणी काही म्हटलं नाही, मशीनवरच्या माणसानं फक्त विचारलं किती आणलेत आणि हसला.

पण आमची यात्रा काही उजळाईवाडीला संपत नाही. बालाजीला जाऊन आलं की अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, ही आमच्याकडं पहिल्यापासूनची रीत. म्हणून विमानतळावरनं रिक्षा थेट देवळाकडं. रविवार संध्याकाळ, बाहेरगावच्या गाड्या सगळ्या एकाच वेळी आलेल्या, बिंदू चौकात पार्किंग फुल्ल, रिक्षा तिथंच अडकली ती अडकली. शेवटी मी आणि बायकोनं बाबांना दोन्ही बाजूंनी धरलं, लाडवांचा बॉक्स आईच्या डोक्यावर, आणि चालत गेलो. आईनं महाद्वारात उभं राहून वही काढली. विमानतळ ते देऊळ, दहा किलोमीटर, एक तास दहा मिनिटं. तिरुपती ते कोल्हापूरच्या एक तास वीसच्या बरोबर खाली लिहिलंय तिनं, आणि दाजी घरी आले की त्यांना तेच पान उघडून दाखवते.